बदलीच्या सामानातील वाद्य

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. कपाट, पलंग, भांडी यांची बांधाबांध सहज होते. परंतु घरात एखादे वाद्य असले की काळजी तेथून सुरू होते. कोकणच्या दमट हवेत मुरलेली गिटार कोरड्या हवेच्या गावी नेली की लाकूड आकसते, सांधे उकलतात आणि एखादी बारीक चीर साऱ्या नादाचा घात करते. हवेतील ओलावा शोषणे आणि सोडणे हा लाकडाचा स्वभावच आहे.

या अडचणीवर कार्बन फायबरच्या छोट्या गिटारीचा पर्याय आता उपलब्ध आहे. केसाहून बारीक अशा कार्बन तंतूंचे कापड राळेसह साच्यात घट्ट करून हे वाद्य घडविले जाते. हा पदार्थ हलका व ताठ असतो आणि ओलाव्याने फुगत नाही. हवाई बेटांवरील जॉन डेकर यांनी 1990 च्या दशकात 'रेनसाँग' गिटारी बाजारात आणल्या, त्या दमट हवेचा हाच त्रास ओळखून. बंगळुरूला तर हा पदार्थ परका नाहीच. 4 जानेवारी 2001 रोजी याच शहरातून प्रथम झेपावलेल्या 'तेजस' विमानाच्या पंखांत कार्बन तंतूंचाच वापर आहे.

तरीही 'लाकडाविना नाद कसला?' हा प्रश्न रसिकांच्या मनात उमटतोच. त्याचे उत्तर शोधण्यास चामराजपेटसारखे ठिकाण नाही. 1892 मध्ये वसविलेल्या या पेठेशी 1939 पासून श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव जोडलेला आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील त्या मंडपात पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांनी व्हायोलिनची साथ ऐकली; ते वाद्य युरोपातून आले, याची आठवणही आज कोणास होत नाही. मराठी नाट्यसंगीताचा आधार असलेल्या हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये दरवाजा बंद केला होता. पुढे तो उघडावा लागला. वाद्याचे कूळ नव्हे, तर कान अखेरचा निवाडा करतात.

म्हणूनच नव्या वाद्याची परीक्षा कानांनीच करावी. आकार लहान म्हणजे आतील हवा कमी. त्यामुळे खर्जाचा भरदारपणा मोठ्या गिटारीइतका मिळणे कठीण. एकच धून लाकडी आणि कार्बन अशा दोन्ही गिटारींवर वाजवावी. ती दुसऱ्याकडून वाजवून घेऊन थोड्या अंतरावरूनही ऐकावी. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर आणि तेथेच हलक्या स्पर्शाने काढलेला स्वर जुळतो का, ते पाहावे. तारा धातूच्याच असल्याने त्या उतरणारच. खोड मात्र वाकणार नाही. भेग पडल्यास गावातील सुतार किंवा वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर ती सहसा सांधू शकत नाही. दुरुस्ती कोठे होईल, हे किंमत विचारण्यापूर्वीच विचारावे.

लाकडाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दक्षिणेकडील शिसवी लाकूड जगभरच्या गिटारींत वापरले जाते. त्या जातीच्या वृक्षांचा ऱ्हास रोखण्यासाठी 2017 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्यामागे भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची कित्येक पिढ्यांची साधना आहे. साच्यातून निघणारे वाद्य त्या हातांची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये.

तेव्हा निर्णय गरजेनुसार व्हावा. दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या कर्मचाऱ्याने किंवा वसतिगृहात निघालेल्या त्याच्या कन्येने कार्बनची छोटी गिटार घेतली, तर रियाजात खंड पडणार नाही. घरातील जुना तंबोरा मात्र माळ्यावर न टाकता मिरजेस पाठवून जवारी करून आणावा. ठेव जपावी आणि नवी गुंतवणूक पारखून करावी, हा पैशाच्या व्यवहारातील नियम वाद्यालाही लागू पडतो. बदलीच्या ट्रकमध्ये सर्वांत आधी मोडणारी वस्तू वाद्य नसते, तर रोज वाजविण्याची सवय असते. ती सांभाळणारे वाद्य लाकडाचे असो वा कार्बनचे, तेच खरे मोलाचे.