नाचलेल्यांना विचारा

भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली आणि जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचं नाव एका दिवसात सगळीकडे झालं. नव्वदी गाठलेले तारपकरी, म्हणजे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तारपा, गाठीला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. बातम्यांत हे सगळं आलं. त्यांच्या तारप्यावर ज्यांनी रात्री जागवल्या, ती माणसं मात्र फारशी कुठे दिसली नाहीत.

कलावंताची आठवण सांगायचा हक्क आपण ऐकणाऱ्यांना देतो. अमुक साली सवाई गंधर्वला पहाटे भीमसेन काय गायले, हे शपथेवर सांगणारे पुण्यात अजून चार जण भेटतात. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी जुळत नाही, तरी चौघांनाही आपण मान देतो. अमेरिकेतही तसंच. तिथे डॉक वॉटसन नावाचा गिटारवादक होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातला, तान्हेपणीच दृष्टी गेलेला. तो २०१२ साली गेला. त्याच्या मैफलींच्या आठवणी चाहते आजही एकमेकांना ऐकवतात.

पण ही सगळी बसून ऐकलेल्यांची दुनिया. तारप्यापुढे कुणी बसत नाही.

वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण, एवढ्यावर हे वाद्य उभं राहतं. तारपकरी नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, म्हणून सूर मध्ये तुटत नाही. तो मधोमध, भोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेली बायामाणसं, पुढे घोळकाठी घेतलेला म्होरक्या. तारपकऱ्याने चाल बदलली की पायांनी बदलायचं. रिंगण उलगडतं, पुन्हा गुंडाळतं, पण तारपकऱ्याकडे कुणाची पाठ होत नाही. भात पिकायला लागलं की हे सुरू होतं आणि दिवाळीच्या मागेपुढे भरात येतं.

जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, अमका तारपकरी कसा वाजवायचा? ‘बेस’ म्हणेल आणि गप्प बसेल. तोच प्रश्न फिरवून विचारा की त्या वर्षी नाचात तुमच्या शेजारी कोण होतं, मग बघा. कुणाच्या खळ्यावर नाच होता, चांदणं होतं की अंधार, कोण दमून आधी बाहेर पडलं, कुणाचं लग्न त्या रात्रीतून ठरलं, सगळं येतं. संगीताविषयी एक अक्षर न बोलता तो संगीताचंच सांगत असतो. चाल किती वेळ चालली, हे त्याच्या पोटऱ्यांना ठाऊक असतं. आमच्यासारखे स्तंभ लिहिणारे लय, स्वर, परंपरा वगैरे शब्द घेऊन जातात आणि नेमकं हेच वहीत उतरवून घ्यायचं राहतं.

गंमत म्हणजे तारपा दिसायला कमी पडलेला नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र जगभर नेलं, २०११ साली पद्मश्री मिळवली, २०१८ साली ते गेले. त्या चित्रांतलं तारप्याचं रिंगण आज हॉटेलांच्या भिंतींवर, कपांवर, कुर्त्यांवर आहे. चित्रातल्या तारपकऱ्याला चेहरा नसतो. चित्राची तशी रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाड्यावरची माणसं आवाजावरून ओळखायची की आज कोण वाजवतोय. ही ओळख कपावर उतरत नाही.

आमच्या जव्हारच्या वावर-वांगणीला तर बाहेरचं जग १९९२-९३च्या कुपोषणातल्या बालमृत्यूंमुळेच ओळखतं. ती नोंद हवीच, ती पुसायची नाही. पण त्याच डोंगरात भात निघाल्यावर रात्रभर नाचणारी माणसंही होती, त्यांची नोंद कुणी ठेवली? आणि बालमृत्यू काय, नाच मोडणं काय, दोन्हींच्या मुळाशी एकच दुखणं आहे. पावसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही. उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात, भिवंडी-वसईकडे. नाचाचे दिवस संपता संपता रिंगणच फुटतं. तारपकरी एक वेळ गावात सापडेल, त्याचे नाचणारे चार तालुक्यांत पांगलेले असतात. नवा तारपकरी घडत नाही म्हणून आपण हळहळतो. पण वाजवणारा शिकवून तयार केलात, तरी त्याच्याभोवती फिरायला पन्नास पाय गावात असायला हवेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने किंवा जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने धिंडा यांच्या सुरांबरोबर त्या सुरांवर नाचलेल्यांच्या आठवणी नोंदवाव्यात. माणूस गेल्यावर श्रद्धांजलीचे अंक काढण्याची आपल्याला फार हौस. हे काम धिंडा असतानाच व्हावं. नोंदवायचं ते त्यांच्याच बोलीत, बायांकडून आधी, कारण पुरस्काराच्या बातमीसाठी त्यांना कुणी विचारत नाही. स्टुडिओत नको, खळ्यावर. भातकापणी उरकल्यावर आणि भट्टीचा टेम्पो येण्याआधी. माइकवाल्याला पहिल्या रात्री काम देऊ नका, रिंगणात घालून दोन फेऱ्या मारायला लावा. माइक कुठे धरायचा, ते दुसऱ्या रात्री त्याचं त्यालाच कळेल.