राखणीला माझा, चावल्यावर गावचा!



मोहफुलांचे दिवस आले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून पहाटेच टोपल्या निघतात. समजा, अशाच एका पहाटे एक बाई गल्लीतून चालली आहे. एका घरासमोरचा मोकळा कुत्रा धावून येतो आणि तिच्या पोटरीचा लचका तोडतो. सकाळी तिचा नवरा त्या घरी विचारायला जातो. घरधनी म्हणतो, "कुत्रा का माझा आहे? गावचा आहे. आम्ही शिळा तुकडा टाकतो, इतकंच." फारच गळ्याशी आले तर शंभराची नोट पुढे करतो. चार माणसे म्हणतात, "जाऊ द्या, मिटवा." आणि प्रकरण मिटते.

हाच कुत्रा रात्री बिबट्याची चाहूल लागून भुंकतो, तेव्हा मात्र तो त्याच घरधन्याचा राखणदार असतो!

वाघ-बिबट्याने जखमी केले तर वनविभागाकडून भरपाई मिळते, हे आपल्या भागात लहान मूलही सांगेल. पण पाळलेल्या कुत्र्याने चावले तर जबाबदारी पाळणाऱ्याची असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना जो जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी काळजी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या कायद्यात हेच कलम २८९ होते आणि दंड हजार रुपयांपर्यंत होता.

यातला 'ताब्यातील' हा शब्द नीट लक्षात ठेवा. कायदा येथे खरेदीची पावती मागत नाही. कधीतरी तुकडा टाकला म्हणून कोणी मालक ठरत नाही, हे खरे. पण कुत्र्याला रोज कोण जेवू घालतो, गळ्यात पट्टा कोणी बांधला, तो रात्री कोणाच्या अंगणात असतो, कोणाच्या हाकेला येतो, हे शेजारीपाजारी सांगू शकतात. तो आधीही कोणाला चावला असेल, तर धोका माहीत नव्हता असे मालकाला म्हणता येत नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. २०१० साली एका उद्योजकाच्या रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने ओळखीच्या वृद्ध गृहस्थाला चावे घेतले. कुत्रा गाडीत होता. दार उघडू नका अशी विनंती करूनही मालकाने ते उघडले होते. २०२३ साली गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. निकालाला तेरा वर्षे लागली, पण श्रीमंत म्हणून तो सुटला नाही. कागद आणि साक्षीदार टिकले म्हणूनच हे घडले.

म्हणून चावा होताच काय करायचे ते पाठ करा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. लस तेथे मोफत असते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचे सिरमही लागते, ते मागा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण लस त्यासाठी थांबवायची नसते. रागाने कुत्र्याला मारून टाकू नका. तो गुन्हा आहे आणि मग नजर कोणावर ठेवणार?

लसीसाठी महिनाभरात चार-पाच फेऱ्या होतात. रोजी तीनशे रुपये धरली तरी पाच दिवसांचे पंधराशे बुडाले. एसटीचे भाडे वेगळे. आता सांगा, शंभराच्या नोटेत काय मिटले? दवाखान्याचा कागद, तिकिटे, औषधांच्या पावत्या जपून ठेवा. जखमेचा फोटो काढा, दोन साक्षीदारांची नावे लिहून ठेवा. आपसात मिटवायचे असेल तर खर्च आणि बुडालेली मजुरी धरून, लेखी मिटवा.

मालक ऐकत नसेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या; ती मोफत मिळते. ठाण्यात नोंद केली नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाही करता येतो. वकिलाच्या पैशाची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, दूरध्वनी १५१००.

कोणी मुद्दाम 'छू' म्हणून कुत्रा अंगावर सोडला, तर ती हयगय नव्हे. जनावराचा वापर करून दुखापत करणे हा न्याय संहितेच्या कलम ११८ खालचा मोठा गुन्हा आहे. जात पाहून सोडला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. तक्रारीत त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा.

ज्याला खरोखरच कोणी धनी नाही, अशा कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा.

आणि शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणाकडे पाहू. हाच कायदा आपल्यालाही आहे. आपल्या दारातला मोत्या पोरांच्या मागे धावत असेल तर त्याला बांधा, दरवर्षी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस द्या. आणि उद्या तो कोणाला चावलाच, तर शेजारी विचारायला येण्याआधी आपणच त्यांच्या घरी जा, जखमीला दवाखान्यात न्या आणि चारचौघांत सांगा, "होय, कुत्रा माझा आहे."