क्लच, मनगट आणि मागे बसलेले आजोबा

घरातील वृद्धांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम हल्ली सुनांवर आणि लेकींवर येऊ लागले आहे. मुलगा खाणीत किंवा पेपर मिलमध्ये पाळीवर असतो, चंद्रपूरपर्यंत ऑटो वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते, आणि अंगणात मोटारसायकल उभी असते. मग चाळिशीच्या आसपासची एखादी गृहिणी ठरवते, की ही गाडी आपणच शिकायची. बल्लारपुरात अशा काही भगिनी माझ्याकडे मनगटाचे दुखणे घेऊन येतात. विचारले की कळते, गाडी जागची हलतच नाही; क्लच सोडला की बंद पडते. ‘बिनागिअरची स्कूटर घ्या’ हा सल्ला चांगला आहे, ज्यांना परवडेल त्यांनी तो जरूर मानावा. परंतु प्रत्येक घरी दुसऱ्या वाहनाची ऐपत नसते.

गाडी बंद पडते ती धैर्य कमी पडले म्हणून नव्हे. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेत असते, चाक मात्र स्थिर असते. या दोहोंना जोडणाऱ्या तबकड्या म्हणजे क्लच. तो दाबला की तबकड्या विलग होतात, सोडला की एकमेकींना चिकटतात. एकदम सोडला तर स्थिर चाकाचा सारा भार इंजिनावर पडतो आणि ते गुदमरते. सावकाश सोडला तर मध्ये एक जागा येते : इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी पुढे ओढ घेते. क्लच तिथेच क्षणभर धरावा, उजव्या हाताने थोडी रेस द्यावी आणि गाडी चालू लागल्यावर उरलेला क्लच सोडावा.

ही जागा समजून कळत नाही, ती हाताला सापडावी लागते. अशी कौशल्ये घडविण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. त्याला पुनरावृत्ती लागते आणि मधल्या रात्रीची झोपही लागते. म्हणून रविवारी एका दमात दोन तास शिकण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे बरी. सपाट, मोकळे मैदान निवडावे. पहिले दोन-तीन दिवस गाडी पळविण्याचा विचारच करू नये. पहिला गिअर टाकून ओढ जाणवेपर्यंत क्लच सोडावा, लगेच पुन्हा दाबावा, एवढेच करावे. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत हे उरकावे.

मनगट दुखते त्याचे कारण बहुधा भीती. भ्यालेला माणूस दांडा जिवाच्या आकांताने आवळतो, खांदे वर घेतो, श्वास रोखतो. दर चार-पाच प्रयत्नांनंतर गाडी न्यूट्रलमध्ये आणून हात झटकावा. क्लच फार कडक असेल तर मेकॅनिककडून केबल तपासून घ्यावी. तेवढ्याने बरेचदा औषधाची गरज उरत नाही. मात्र रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबत असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना ब्रेक किती दाबला गेला हे नीट कळत नाही. त्यांनी शिकण्यापूर्वीच दाखवावे.

आणि शिकविणाऱ्याने ओरडू नये. ‘हळू सोड, हळू!’ असे कानाशी ओरडले की दचकून हात उघडतो आणि गाडी हटकून बंद पडते. पक्षाघातानंतर वडिलांना चालायला शिकविताना आपण नेमके हेच करतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता मागे बसणाऱ्या आजोबांविषयी. तरुणाला जो हिसका गमतीचा वाटतो, तो पाठीत वाकलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला मागे फेकू शकतो. खुब्याचे हाड मोडले की अंथरूण आले, आणि या वयात अंथरुणातून उठणे फार कठीण. शिकाऊ लायसन्सवर मागे प्रवासी बसविता येत नाही. त्या नियमाकडे मी वैद्यकीय नियम म्हणूनच पाहतो. पक्के लायसन्स मिळाल्यावरही प्रथम घरातील धडधाकट माणसाला बसवून सराव करावा, कारण मागे वजन असले की रेस थोडी जास्त द्यावी लागते आणि क्लच आणखी सावकाश सोडावा लागतो.

आजोबा चढताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि चालविणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर असावेत. त्यांनी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, हेल्मेटचा पट्टा लावावा आणि ‘बसलो’ असे तोंडाने सांगितल्याशिवाय गिअर टाकू नये. उठताच चक्कर येणाऱ्यांना, विस्मृतीमुळे मध्येच हात सोडणाऱ्यांना दुचाकीवर नेऊ नये. त्यांच्यासाठी ऑटोच बरा. छातीत कळ आली असेल तर गाडीची किल्ली शोधत बसू नये, 108 क्रमांकावर फोन करावा.