ठरावाने प्रश्न सुटतो काय?

समस्येचे अचूक विश्लेषण केले की ती सुटलीच, असे मानणाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील बर्गादारांचा, म्हणजे बटाईदारांचा, इतिहास तपासावा. १९५५ च्या भूमिसुधारणा कायद्याने त्यांचा पिकातील वाटा मान्य केला. तरीही दोन दशके बहुसंख्यांची नावे दप्तरी लागली नाहीत. ज्याच्या जमिनीवर पोट, त्या जोतदाराविरुद्ध एकट्याने कचेरी कशी गाठावी? १९७८ साली ‘ऑपरेशन बर्गा’ने कचेरीच गावात नेली. सायंकाळच्या सभांत, सर्वांसमक्ष, बटाईदार बोलू लागले. पुढे सुमारे १४ लाख नावे नोंदली गेली. हक्क जुनाच होता. नवी होती ती तो बजावण्याची रीत. संघटित जनतेच्या हाती न पोहोचलेला सिद्धान्त कितीही निर्दोष असो, तो जोतदाराच्याच पथ्यावर पडतो.