सर्पभय आणि आपली राहणी

मृगाचा पाऊस जमिनींत मुरला, बिळांत पाणी शिरलें, आणि उंदीर कोरडी जागा शोधीत वस्तीकडे निघाले, कीं त्यांच्या मागोमाग सापहि घराच्या आडोशास येतो. मग गांवोगांवीं तीच वार्ता कानीं येऊं लागते कीं, अमक्यास ‘पान लागलें’. रात्रीं सापाचें नांव घेऊं नये म्हणून आपण त्यास ‘जनावर’ म्हणतों, ‘लांबडें’ म्हणतों. परंतु नांव टाळण्याची जितकी काळजी घेतों, तितकी त्याची वाट बंद करण्याची घेत नाहीं. दंश झाला कीं दैव, डूख, पूर्वजन्मींचें वैर अशीं कारणें लावून आपण मोकळे होतों. आमचें मत निराळें आहे. या मृत्यूंपैकीं पुष्कळांचें कारण आपली राहणी व वायां घालविलेला वेळ हेंच आहे. आणि या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातीं सर्वांत अधिक आहेत, तो जमिनीचा धनी होय.

हें आम्ही केवळ ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनींत आमचीं वर्षें गेलीं, आणि सर्पदंशाचीं अनेक प्रकरणें हातांखालून गेलीं. पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचे दाखले असे कागद चाळतां चाळतां आमची नजर दोनच आंकड्यांवर जाऊं लागली: दंशाची वेळ आणि रुग्णालयांत पोंचल्याची वेळ. एका सालगड्याची अकरा वर्षांची मुलगी गोठ्याच्या पडवींत भुईवर निजली होती. मध्यरात्रीनंतर ती पोटांत दुखतें म्हणून उठली. तिला ओव्याचें पाणी दिलें. पहांटे तिच्या पापण्या उघडेनात, बोलणें गेंगाणें झालें. तेव्हां तिला देवळांत नेलें, तेथून शेजारच्या गांवीं मांत्रिकाकडे नेलें. रुग्णालयांत पोंचल्याची वेळ सकाळीं नऊची, आणि तीहि मृत म्हणूनच. रुग्णालय अवघ्या पाऊण तासाच्या वाटेवर होतें, आणि धन्याची जीप रात्रभर दारांत उभी होती. तिच्या बापानें मदतीसाठीं अर्ज केला. त्या घरीं कोणाच्याच नांवें सातबारा नव्हता. सबब त्या अर्जावरील ‘अपात्र’ हा शेरा आमच्याच हातचा आहे. तो नियमास धरून होता, पण तो लिहितांना झालेला क्लेश आम्ही विसरलों नाहीं.

ही एखादुसरी घटना नव्हे. भारतांतील सर्पदंशाच्या मृत्यूंचा जो अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं. म्हणजे दरवर्षीं सरासरी अठ्ठावन हजार. त्यांतील सुमारें निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झालेले आहेत, बहुतेक खेड्यापाड्यांत झालेले आहेत, आणि चवथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादींत घातलें. केंद्र सरकारनें २०२४ सालीं राष्ट्रीय कृति आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे. परंतु दिल्लीचा आराखडा आपल्या पडवींत येऊन भुईवर निजलेल्या पोरास बाजेवर निजविणार नाहीं. तें आपलें आपणच केलें पाहिजे.

प्रथम साप ओळखण्याविषयीं. आपल्याकडे माणसें दगावतात तीं मुख्यत्वें चार जातींच्या दंशानें. नाग सर्वांस ठाऊक आहे. मण्यार काळसर निळी व तुळतुळीत असून तिच्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असतात. ते डोक्याच्या बरेच मागून सुरू होऊन शेपटाकडे दाट होतात. कवड्या हा बिनविषारी साप तिच्यासारखा दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यार रात्रीं हिंडते, घरांत शिरते आणि निजलेल्यास चावते; वेदना फारशी होत नाहीं, दांतांची खूणहि पुष्कळदां दिसत नाहीं. वरील मुलीचें तेंच झालें. घोणस जाड व तपकिरी असून पाठीवर सांखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डिवचली असतां ती कुकरच्या शिटीसारखा फूत्कार टाकते. तिला अजगराचें पिलूं समजून हात लावणारे लोक आहेत. ही चूक प्राणावर बेतते. फुरसें आकारानें लहान असून अंगाचें वेटोळें घांसून करवतीसारखा आवाज करितें. कोंकणांत दगडाखालीं हात घालतांना त्याची आठवण ठेवावी. तथापि ओळख पटली नाहीं म्हणून जवळ जाऊन निरखूं नये. ओळखीचा उपयोग दूर राहण्यासाठीं आहे, धाडसासाठीं नाहीं.

दिसेल तो साप ठेंचावा, असें कित्येक म्हणतात. तो उपाय पूर्वीं सरकारनेंहि करून पाहिला. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत फुरसीं मारण्यास बक्षीस लावलें होतें; हजारोंनीं फुरसीं मारलीं गेलीं, खजिन्यांतून पैसे दिले गेले, आणि फुरसें आजहि तेथें आहेच. शिवाय काठी घेऊन सापामागें लागणारा माणूस स्वतः त्याच्या टप्प्यांत येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याअन्वयें सापांस संरक्षण असल्यानें त्यांस मारणें हा गुन्हाहि होतो. आणि धामण मारणारा शेतकरी तर स्वतःचेंच नुकसान करून घेतो, कारण आपल्या कणगीचा खरा शत्रु उंदीर आहे, आणि त्याला खाणारी धामण बिनपगारी राखणदार आहे. ती गाईचें दूध पिते ही समजूत खोटी आहे. घरांत साप निघाल्यास मुलेंमाणसें व जनावरें दूर करावीं, एकानें लांबून नजर ठेवावी, आणि वन विभागास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. सापास बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल तर बहुधा तो आपण होऊनच जातो.

आतां राहणीकडे वळूं. साप घरांत येतो तो उंदीर, बेडूक व आडोसा यांसाठीं. ते न मिळाल्यास त्याचें येथें कांहीं काम नाहीं. सरपण, गोवऱ्या व जुनीं कौलें भिंतीस लावून रचूं नयेत. चार हात दूर व विटांवर उंच रचावीं, आणि काढतांना आधीं काठीनें हालवावीं. कडब्याची गंज घरापासून लांब असावी. उंदरांचीं बिळें दगडमातीनें ठेंचून बुजवावीं, मोरीच्या भोंकास बारीक जाळी बसवावी, दाराखालची फट बंद करावी, आणि खिडकीवर व कौलांवर टेकलेल्या फांद्या छाटाव्या. धान्य उंदीर शिरणार नाहीं अशा कोठींत ठेवावें. कोंबड्यांचें खुराडें निजण्याच्या जागेस लागून नसावें. घराभोंवतीं फिनेल ओतणें, गंधक टाकणें, लसूण पेरणें यांवर पैसा घालवूं नये. त्यानें साप येत नाहीं असें सिद्ध झालेलें नाहीं. तोच पैसा जाळीवर व बॅटरीवर खर्च करावा.

या सर्वांहून मोठा उपाय म्हणजे भुईवर न निजणें. बाज असावी, आणि मच्छरदाणीचे कांठ गादीखालीं नीट दाबलेले असावे. मच्छरदाणी हिंवतापासाठींच आहे असें समजूं नये. मण्यारीपासूनहि ती रक्षण करिते. रात्रीं अंगणांत पाय टाकण्यापूर्वीं उजेड पाडावा, आणि जोडा झटकल्याशिवाय घालूं नये.

शेतांतील धोका वेगळा आहे. गवत कापणें, भाताची कापणी, उसाचें पाचट ओढणें, बांध साफ करणें या कामांत घोट्यापर्यंत बूट असावे, आणि हात घालण्यापूर्वीं काठी घालावी. नागपंचमीस आपण नांगर धरीत नाहीं व जमीन खणीत नाहीं. त्या एका दिवशीं जितक्या जपून वागतों, तितकें इतर दिवशीं हात घालतांना वागलों तरी पुष्कळ प्राण वांचतील. जेथें पंपाची वीज रात्रपाळीनें येते, तेथें शेतकऱ्यास अंधारांत बांधावरून जाणें भाग पडतें. शेतीस दिवसां वीज मिळावी यासाठीं २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आपल्या वाहिनीस तिचा लाभ झाला नसेल तर ग्रामसभेनें तो प्रश्न लेखी लावून धरावा. ती सोयीची नव्हे, जीविताची बाब आहे.

इतकें करूनहि दंश झाल्यास काय करावें? रोग्यास धीर देऊन आडवें करावें व चालूं देऊं नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं, पैंजण सूज येण्यापूर्वींच काढावीं. मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी लावून तो अवयव हालणार नाहीं असा ठेवावा. चिरा देऊं नये, तोंडानें विष ओढूं नये, पाला लावूं नये, दोरी आवळूं नये. घट्ट दोरीनें हातपाय गमावण्याची पाळी येते. कोणीं ती आधींच आवळली असेल, तर रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखत सोडावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; तिला वेळ लागत असल्यास मिळेल तें वाहन घ्यावें. मोटारसायकलच असेल तर रोग्यास मध्यें बसवून एकानें मागून धरावें. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं, कारण रुग्णालयांतील लस या चारी जातींच्या विषांवर एकच असते. ही लस घोड्यास विषाच्या अल्प मात्रा टोंचून त्याच्या रक्तापासून तयार करितात. मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेचें नांव या कामीं जुनें आहे. पहिल्या मात्रेसच बहुधा आठ ते दहा कुप्या लागतात आणि कित्येकांस तिची वावडी होते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाची असते. घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. तें पाहण्यासाठीं डॉक्टर थोडें रक्त कांचेच्या नळींत वीस मिनिटें न हालवितां ठेवतात. अशी साधी व खात्रीची परीक्षा कोणत्याहि मांत्रिकाजवळ नाहीं. आणखी एक गोष्ट: पावसाळ्यांत भुईवर निजलेलें माणूस रात्रीं पोटदुखीनें उठलें, किंवा सकाळीं त्याच्या पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो वा न दिसो, सर्पदंशाचा संशय धरून निघावें.

“मांत्रिकाकडे गेलेले पुष्कळ बरे होतात,” असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण त्याचें कारण मंत्र नव्हे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापहि कित्येकदां विष न सोडतां नुसताच चावतो. असे रोगी कोणाकडेहि नेले तरी बरेच होणार. ज्याच्या अंगांत विष भिनलें आहे, त्याचा मात्र तेथें गेलेला प्रत्येक तास परत येत नाहीं. देवास नमस्कार अवश्य करावा. तो रुग्णालयांतून घरीं आल्यावर करावा.

शेवटीं आमची सूचना. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेंतून सर्पदंशानें मृत झालेल्या शेतकऱ्याच्या वारसांस दोन लक्ष रुपये मिळतात, आणि खातेदाराच्या कुटुंबांतील एका व्यक्तीसहि ती लागू आहे. पण ज्याच्या घरीं कोणाच्याच नांवें जमीन नाहीं, त्या सालगड्यास ती नाहीं. आणि भुईवर निजणारा, रात्रीं पाणी धरणारा, पाचट ओढणारा बहुधा तोच असतो. पाडव्यास साल ठरवितांना आपण धान्य, कपडे व वहाणा ठरवितों. यापुढें त्यांतच एक बाज, घरच्या माणसांस पुरतील इतक्या मच्छरदाण्या व एक बॅटरी हींहि ठरवावीं. ऊसतोडीच्या टोळीस जागा देणाऱ्यानें तिच्या कोप्यांचा तोच विचार करावा. आपल्या संघाच्या प्रत्येक गांवच्या सभासदांनीं वैशाखांतच प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन लस शिल्लक आहे काय, नसल्यास जवळ कोठें मिळेल, हें विचारून चावडीवर लिहून लावावें, आणि रात्रीं कोणत्या घरची गाडी निघेल याची आठवडेवार पाळी बांधावी. यास शासनाची मंजुरी लागत नाहीं, अनुदानहि लागत नाहीं. सालगड्याच्या बायकोनें मध्यरात्रीं धन्याचें दार ठोठावलें तर तें उघडेल आणि गाडी निघेल, इतकी खात्री तिला असली म्हणजे झालें. ती खात्री त्या रात्रीं नव्हती, म्हणून जीप दारांत राहिली आणि मुलगी गेली.