डोक्यातला हवालदार

द्वारका चौकात उभं राहून फोनवर बोललायत कधी? वर फ्लायओव्हर, खाली आग्रा रोड आणि पुणे रोडची गर्दी, त्यात शेअर रिक्षावाल्यांचा 'नाशिकरोड, नाशिकरोड'चा पुकारा. तरी तुम्ही क्लायंटशी बोलता, हॉर्न कानाआड करता, रिक्षावाल्याला 'थांब रे' म्हणता आणि पुन्हा त्याच वाक्यावर येता. सॉल्लिड ना? हा सगळा ट्रॅफिक सांभाळणारा डोक्यातला हवालदार म्हणजे एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स. नाव एकदम कॉर्पोरेट! त्याची मुख्य कामं तीन: ऐकलेलं धरून ठेवणं, नको ते आवरणं आणि वेळेवर गिअर बदलणं.

द्वारकेजवळ राहणाऱ्या माझ्या काकांना स्ट्रोक येऊन गेला. उच्चार लवकर सुधारले, सगळे म्हणाले, सुटलो बुवा! पण गप्पांत लोच्या. विषय क्रिकेटवर गेला तरी काका आधीच्याच विषयावर. दोघं एकदम बोलले की काका गप्प. 'हल्ली फार हट्टी झालेत,' असं ठरवून टाकलं घरच्यांनी, आणि हळूहळू त्यांना काही विचारणंच बंद झालं.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी त्यांना एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायला लावली. काका म्हणाले, 'मेथी, पालक, मेथी... मेथी.' बाकीच्या भाज्या ठाऊक होत्या, पण मेथी बाजूला सारून पुढचीला बोलावणारा हवालदार दमला होता. स्पीच थेरपी म्हणजे जिभेचा व्यायाम, एवढंच आपल्याला माहीत. हवालदाराला कामावर आणणं हासुद्धा त्याच थेरपीचा भाग.

त्यात आपल्या मराठीचं क्रियापद येतं शेवटी. 'काल आणलेल्या गोळ्या कपाटातल्या वरच्या कप्प्यात...' इथपर्यंत ऐकलं तरी ठेवायच्या की शोधायच्या, पत्ता नाही! तोवर अख्खं वाक्य डोक्यात धरून ठेवा. म्हणून मॅडमचा फंडा सोपा: 'गोळ्या शोधा. वरच्या कप्प्यात आहेत.' एका वेळी एकानंच बोलायचं, टीव्ही बंद. विषय बदलताना तसं सांगायचं. उत्तराची वाट बघायची, मध्येच शब्द पुरवायचे नाहीत.

मोबाइलवरचे ब्रेन गेम्स? खेळा की! पण त्यानं बहुतेक वेळा त्या गेममधलाच स्कोअर वाढतो, गप्पा सुधारतीलच असं नाही. म्हणून काकांचा सराव खऱ्या कामावर. मेडिकलवाल्याला फोन करण्याआधी कागदावर तीन ओळी: काय हवंय, किती, कधीपर्यंत. फोन त्यांनीच करायचा. पहिल्यांदा जमला तेव्हा काकूंनी चक्क शिरा केला.

लहान मुलांचंही असंच. शाळेतली गोष्ट धड क्रमानं सांगता न येणारं प्रत्येक पोर धांदरट नसतं. तेव्हा मंडळी, घरातल्या कुणावर हट्टी, आळशी, धांदरट असा शिक्का मारण्याआधी एकदा स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट घ्या. आणि तोवर त्यांना प्रश्न विचारणं मात्र बंद करू नका!