रफ कापायचंय? मग रोलरचं बेअरिंग आधी बघा

गवत कापायच्या काँट्रॅक्टवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, मोवरच्या डेकला स्वस्तातला रोलर चालेल का?" माझं मत सरळ आहे. ज्याचं बेअरिंग बदलता येत नाही, तो रोलर फुकट दिला तरी घेऊ नका.

रफ म्हणजे गोल्फ कोर्सवर फेअरवेच्या कडेला मुद्दाम उंच ठेवलेलं गवत. येरवडा घ्या नाहीतर चेंबूर, तिथे जमीन सपाट नसते आणि मध्ये झाडं येतात. डेकला नुसती चाकं असली की उंचवटा दोन चाकांच्या मधे सापडतो, पातं मातीला टेकतं आणि तेवढ्या जागी टक्कल पडतं. मागचा रोलर डेकला उचलून धरतो.

पण तो फिरला तर! माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी तीन हजार वाचवायला स्वस्त सेट घेतला. बेअरिंग आतच वेल्ड करून बसवलेलं. जुलैत पाणी शिरलं, दोन रोलर जाम झाले आणि ओल्या जमिनीवर फरफटत गेले. गवत अक्षरशः सोलून निघालं. क्लायंटने महिन्याचं बिल अडवलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून दुकानात बेअरिंगचा नंबर विचारा. ६२०४, ६२०५ असा नंबर असेल तर तालुक्याच्या गावातही मिळेल. पुढे 'झेडझेड' असेल तर ते पत्र्याचं झाकण. धूळ अडवतं, पाणी नाही. 'टू-आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. तेच घ्या. आणि धुताना प्रेशरचा पाइप थेट सीलवर मारू नका (आपण सगळेच मारतो).

झाडांभोवती सारखं वळायचं असेल तर अखंड रोलरपेक्षा तुकड्यांचा बरा. वळताना बाहेरच्या टोकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून अखंड रोलर गवत घासतो. खाचांचा रोलर रील मोवरच्या पुढे शोभतो. रफच्या रोटरी डेकला मागे गुळगुळीतच. सोबत स्क्रेपर हवाच, नाहीतर ओलं गवत चिकटून रोलर जाड होतो आणि कापणीची उंची बदलते.

कोटेशनमध्ये पावसाळ्यासाठी बेअरिंगचा एक जादा सेट धरा. मी आता धरतो. त्यावरून कोणी घासाघीस करत नाही, करतात ती डिझेलवरून.